ताई, अफवा ऐकून मी लेकीला आयोडीनची गोळी देऊन बसले

प्रिय ताई,
आमचं घर अणुवीज केंद्रापासून अठराएक किलोमीटरवर आहे. इतकी वर्षं कधी विचारही आला नाही. पण मध्ये एकदा रात्री ग्रुपवर मेसेज आला की प्लांटमध्ये लीक झालंय, वरचे लोक लपवतायत, मुलांना ताबडतोब आयोडीन द्या. माझ्याकडे ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या होत्या. घाबरून सहा वर्षांच्या लेकीला १३० मिलिग्रॅमची अख्खी गोळी दिली, मीपण घेतली. सकाळी कळलं सगळं खोटं होतं. पण तेव्हापासून चैन नाही. एक मीटर घेतलाय, तो सारखा बघत असते. एरवी ०.१२ दाखवतो, परवा पाऊस आला तर ०.२० वर गेला, मी सगळ्या खिडक्या लावून बसले. आता लेक विचारते पाऊस विषारी असतो का. धाकटी बहीण जवळच राहते, तिला चौथा महिना आहे, तिला बाळ होईपर्यंत लांब पाठवू का? नवरा म्हणतो तू वेडी झालीस, शंभर टक्के सेफ असतं सगळं. मी खरंच वेडी झालेय का?
– झोप उडालेली आई

अगं, ताई म्हणालीस ना, मग मी तुला अगं-तुगंच करते. आणि आधी गोळीचं बोलते, कारण ते झाल्याशिवाय बाकीचं तुझ्या डोक्यात शिरणारच नाही.

१३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड हा मोठ्या माणसाचा डोस. सहा वर्षांच्या पोरीला त्याच्या निम्मा, म्हणजे ६५ मिलिग्रॅम. म्हणजे तू डबल दिलास, पण एकदाच दिलास. धडधाकट मुलाला एकदा जास्त गेला म्हणून सहसा काही होत नाही, झालंच तर पोट बिघडतं, मळमळतं, अंगावर पुरळ उठतं आणि ते त्या दोन-तीन दिवसातच दिसतं. जास्त जपावं लागतं ते अगदी तान्ह्या बाळांना, आधीपासून थायरॉइडचा त्रास असलेल्यांना आणि रोज रोज घेत बसणाऱ्यांना. लेक खातेय, खेळतेय, शाळेत जातेय तर घाबरू नकोस, पण तिच्या डॉक्टरांना सरळ सांग की असं असं झालं, अमुक गोळी, इतक्या मिलिग्रॅमची, या तारखेला. लाजून लपवू नकोस, ते ओरडणार नाहीत आणि ओरडले तर ओरडू देत. रक्त तपासायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. मानेला सूज दिसली, नेहमीपेक्षा खूप सुस्त वाटली किंवा छाती धडधडते म्हणाली तर मात्र वाट बघू नकोस, त्याच दिवशी दाखव. हेच तुलाही लागू.

आता ती गोळी नक्की करते काय ते ऐक, कारण अर्धा गोंधळ इथेच आहे. ती रेडिएशनवरचं औषध नाहीये. अणुभट्टी फुटली की बाहेर पडणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक असतं आयोडीन-१३१, आणि आपल्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मिळेल ते आयोडीन ओढून घेते, हे चांगलं ते वाईट असं तिला कळत नाही. आधीच साधं आयोडीन पोटभर दिलं की ग्रंथी भरते आणि किरणोत्सारी आयोडीन लघवीवाटे निघून जातं. बस, एवढंच. अपघातात बाहेर पडणाऱ्या सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थावर शून्य उपयोग, बाहेरून अंगावर येणाऱ्या किरणांवर शून्य उपयोग. आणि टायमिंग फार महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की भट्टीतून निघालेला किरणोत्सारी ढग पोचायच्या आधीच्या २४ तासांपासून ते पोचल्यानंतर २ तासांपर्यंत घेतली तर सगळ्यात चांगली, ८ तासांपर्यंत घेतली तरी अर्थ आहे, २४ तास उलटून गेल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा तोटाच व्हायची शक्यता. म्हणून ती कधी घ्यायची हे ग्रुपवरच्या मेसेजने ठरत नाही, ढग कुठे आहे हे ज्याला माहितीय तोच ठरवू शकतो. चाळिशीच्या पुढच्या माणसांना तिचा फायदा फारच कमी, तान्ही बाळं, मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांचा नंबर पहिला.

घाबरून काहीतरी तोंडात टाकणारी तू एकटी नाहीस हं. २०११ च्या मार्चमध्ये जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा शेजारच्या चीनमध्ये लोकांनी दुकानातलं आयोडीनयुक्त मीठ उचलून नेलं, दुकानं रिकामी. आता हिशोब कर, किलोभर मिठात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि एका मोठ्या गोळीत असतं १०० मिलिग्रॅम, म्हणजे गोळीएवढा परिणाम हवा तर एका बैठकीत तीनेक किलो मीठ खायचं. रेडिएशनच्या आधी मीठच मारेल माणसाला. आणि काहींनी तर जखमेवर लावायचं आयोडीन प्यायचा विचार केला, तेव्हा ते विष आहे, पिऊ नका असं जागतिक आरोग्य संघटनेला मुद्दाम सांगावं लागलं. ही बाटली तुझ्या घरात असेल तर लेकीला माहीत असू दे की ती फक्त बाहेरून लावायची.

आता नवऱ्याचं. तू वेडी नाहीस, आणि शंभर टक्के सेफ म्हणणाराही बरोबर नाही. तुझी भीती हवेतून आलेली नाही, तिच्यामागे खरा इतिहास आहे. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली आणि तीनेक किलोमीटरवरच्या प्रिप्याट शहरातल्या जवळपास ४९ हजार लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी हलवलंच नाही, पोरं बाहेर खेळत होती. जगाला कळलं तेसुद्धा सोव्हिएत सरकारने सांगून नाही. २८ तारखेला हजारएक किलोमीटर लांब स्वीडनमध्ये, फोर्समार्कच्या अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे अलार्म वाजला. आधी त्यांना वाटलं आपल्याकडेच लीक आहे, मग शोधलं तर बुटाला लागलेलं बाहेरून, पावसातून आलेलं. त्या संध्याकाळी मॉस्कोने चार ओळींची बातमी दिली. तेव्हा "लपवतायत" हा शब्द ऐकून आईच्या पोटात गोळा येतो यात मला तरी काही वेडेपणा दिसत नाही.

आणि खरं नुकसान कशाने झालं ते बघ. आगीशी झुंजणारे कर्मचारी आणि फायर ब्रिगेडवाले यांच्यातल्या १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्गाचा आजार झाला, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यातच गेले, हे सगळे प्लांटवरचे लोक. पण आसपासच्या गावातल्या मुलांना गाठलं ते दुधाने. आयोडीन-१३१ गवतावर बसलं, गाईने गवत खाल्लं, दोन-चार दिवसात ते दुधात आलं आणि ते दूध पोरं पीत राहिली, कारण नका पिऊ हे वेळेवर कोणी सांगितलं नाही. मुलांची थायरॉइड छोटीशी असते आणि ती दूध पितात जास्त, त्यातून त्या भागात जेवणात आयोडीन आधीच कमी, म्हणजे ग्रंथी भुकेलेलीच. २००५ पर्यंत तेव्हा मुलं असलेल्यांमध्ये थायरॉइड कॅन्सरच्या ६ हजारांहून जास्त केसेस सापडल्या. बहुतेक जण उपचारांनी वाचले, तेव्हापर्यंत १५ मृत्यू नोंदले गेले, पण आयुष्यभर रोज थायरॉइडची गोळी घ्यायची वेळ आली ती आलीच. सगळ्याच केसेस रेडिएशनमुळे असं नाही, पण मोठा वाटा त्याचाच. आणि यातलं बरंच टाळता आलं असतं गं, याचाच राग येतो. कारण इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला १९५७ मध्ये आग लागली तेव्हा त्यांनी सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध महिनाभर ओतून दिलं होतं. म्हणजे चेर्नोबिलच्या २९ वर्षं आधी हे माहीत होतं. आणि पोलंडने १९८६ मध्ये मॉस्कोची वाट न बघता २९ एप्रिलपासून एक कोटीच्या वर मुलांना आयोडीनचं द्रावण पाजलं. तेही ग्रुपवरच्या मेसेजवर नाही, त्यांच्या स्वतःच्या मोजणी केंद्रांनी हवेत पकडल्यावर.

तर नवऱ्याशी पुढच्या वेळी वाद झाला की "सेफ आहे का" यावर भांडू नका, त्याचं उत्तर मिळतच नाही. तीन गोष्टी विचारायच्या, कुठलं, किती आणि कधी. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, ऐंशी दिवसात हजारावा भाग उरतो, म्हणजे तो धोका तीव्र पण छोटा, पहिले काही आठवडे. सीझियम-१३७ ला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, तो जमिनीचा, शेतीचा, जंगलातल्या मश्रूमचा प्रश्न. चेर्नोबिलचं सीझियम पावसाबरोबर ब्रिटनच्या डोंगरांवर पडलं होतं, तिथल्या मेंढ्यांवरचे निर्बंध पूर्ण उठायला २०१२ उजाडलं. पण त्या मेंढ्यांजवळून चालत गेलं म्हणून कोणी आजारी पडत नव्हतं. आकड्याशिवाय नुसतं "रेडिएशन आढळलं" असं कोणी लिहिलं तर ती बातमी नाहीच, आयुष्यभर फिजिक्स शिकवलंय मी, युनिट न लिहिलेल्या उत्तराला शून्य मार्क द्यायचे, तेच इथेही कर.

आता तुझा तो मीटर. तो दाखवतोय ०.१२, म्हणजे तासाला ०.१२ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनच्या डोसचं माप, हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). वर्षाचे ८७६० तास धरले की होतात साधारण १ मिलिसिव्हर्ट, आणि हे आकाशातून, मातीतून, भिंतीतून येणारं नेहमीचं. श्वासातून जाणारा रेडॉन वगैरे धरून जगात माणशी सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, अणुवीज केंद्र असो वा नसो. पोटाचा एक सीटी स्कॅन म्हणजे ८-१० मिलिसिव्हर्ट. आणि तू स्वतःही किरणोत्सारी आहेस बरं का, आपल्या अंगातल्या पोटॅशियममुळे प्रत्येक मोठ्या माणसात सेकंदाला ४ हजारांच्या आसपास अणू फुटत असतात, त्यावर काही उपाय नाही आणि लागतही नाही.

पावसात ०.२० का झालं? जमिनीतून रेडॉन वायू सतत वर येत असतो, त्यापासून तयार होणारे शिसं आणि बिस्मथचे किरणोत्सारी कण हवेत तरंगत असतात, पाऊस आला की ते धुऊन खाली येतात आणि मीटर चढतो. पाऊस थांबला की दोन-तीन तासात परत खाली. तू खिडक्या लावून बसलीस तेव्हा नंतर परत बघितलंस का, की नजर त्या ०.२० वरच चिकटली? त्या तीन तासात तुला जे जास्तीचं मिळालं ते उंचावरून उडणाऱ्या विमानातल्या चार-पाच मिनिटांएवढं. शिवाय हे छोटे मीटर एकेक टिक मोजून सरासरी काढतात, टिका येतात अनियमित, कधी धडाधड तीन-चार, कधी पाच सेकंद शांत, त्यामुळे ०.०९ ते ०.१६ असं नाचणं हा त्याचा स्वभाव आहे. ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलास तर अजून चढेल. आणि एक कर, तो आवाज बंद कर आधी, मेनूत ऑप्शन असतो. टिकटिक ऐकत झोपायचा प्रयत्न केला तर मलाही झोप लागणार नाही.

मग काळजी करायचा आकडा कोणता? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे अपघातासाठीचे आकडे आहेत, जमिनीपासून मीटरभर उंचीवर मोजायचे. नेहमीपेक्षा तासाला १ मायक्रोसिव्हर्ट जास्त दिसलं तर तिथलं दूध, पालेभाजी, साठवलेलं पावसाचं पाणी तपासणी होईपर्यंत बंद. १०० ला लोकांना काही दिवसात दुसरीकडे हलवायची तयारी. १००० ला ताबडतोब हलवा किंवा पक्क्या घरात ठेवा. तुझं ०.२० कुठे आणि हे कुठे. पण हेही लक्षात ठेव की तुझा मीटर दुधातलं, भाजीतलं पकडू शकत नाही, त्यासाठी शिशाच्या जाड डब्यात नमुना ठेवून तासन् तास मोजणारं मशीन लागतं, त्यामुळे पिशवीजवळ मीटर धरून दूध पास-नापास करत बसू नकोस. महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी, घरात एकाच जागी, दहा मिनिटांची सरासरी लिहून ठेव. तेवढाच त्याचा उपयोग, उद्या कोणी काही म्हणालं तर तुझ्याकडे तुलना करायला तुझं स्वतःचं रीडिंग असेल. बाकी वेळ कपाटात.

हो, आणि वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही जी लिमिट सगळीकडे वाचायला मिळते ती ओलांडली की माणूस आजारी पडतो असं नाहीये. ती उद्योगांना वेसण घालायची रेषा आहे, मुद्दाम खूप खाली आखलेली. प्लांटमधल्या कामगाराला सरासरी २० पर्यंत परवानगी असते. कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आकडेवारीत नीट दिसायला लागतं ते साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे, आणि मळमळ, उलट्या हे लगेच दिसणारं आजारपण १००० च्या आसपास सुरू होतं. १०० च्या खाली धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, नियम बनवणारे तो थोडा का होईना आहे असंच धरून चालतात, पण तो इतका छोटा असतो की बाकीच्या आयुष्याच्या गोंगाटातून वेगळा काढता येत नाही.

बहिणीला आज हलवायचं काहीएक कारण नाही. साध्या चालू केंद्राजवळ राहून जे मिळतं ते नेहमीच्या नैसर्गिक किरणोत्सर्गापुढे फार थोडं असतं. उलट पाचव्या-सहाव्या महिन्यात डॉक्टर बदल, घर बदल, नवऱ्यापासून लांब राहा, याचा ताण तिला नक्की होईल. या विषयात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट सांगते. चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये, म्हणजे फुटलेल्या भट्टीपासून केवढ्या तरी लांब, डॉक्टरांनीच घाबरवल्यामुळे आणि उलटसुलट बातम्यांमुळे हव्या असलेल्या सुमारे २५०० गर्भधारणा पाडल्या गेल्या असा अंदाज तिथल्या संशोधकांनी १९८७ मध्ये मांडला. तिथे मिळालेला डोस होता १ मिलिसिव्हर्टच्या आसपास. गर्भाला १०० मिलिग्रेच्या खाली डोस असेल तर त्या कारणाने गर्भपात करू नये असं आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते (गॅमा किरणांसाठी मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट एकच समजलीस तरी चालेल). आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना नंतर झालेल्या हजारो मुलांचा इतकी वर्षं अभ्यास झालाय, आनुवंशिक दोष वाढलेले सापडलेले नाहीत. खरंच कधी अपघात झाला तर मात्र तिचा नंबर पहिल्या रांगेत, कारण तिसरा महिना संपता संपता बाळाची थायरॉइडही आयोडीन ओढायला लागते. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडला अपघात झाला तेव्हाही गव्हर्नरने पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायकांना आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांनाच बाहेर पडायला सांगितलं. निघाले मात्र १ लाख ४० हजारांच्या आसपास लोक, तो भाग वेगळा. आणि तिथल्या लोकांना मिळालेला सरासरी डोस निघाला ०.०१ मिलिसिव्हर्ट.

पळायचंच का लगेच, हा तुझा न विचारलेला प्रश्न. फुकुशिमाने याचं फार महाग उत्तर दिलंय. तिथे दीड लाखाच्या वर लोक हलवले गेले. किरणोत्सर्गाच्या तीव्र आजाराने एकही माणूस गेला नाही, पण पळापळीने, निवाऱ्यातल्या हालांनी, औषधं सुटल्याने, खचून, फुकुशिमा प्रांतात २३०० हून जास्त मृत्यू नोंदले गेले, बहुतेक म्हातारी माणसं. प्लांटपासून जवळच्या एका हॉस्पिटलमधल्या अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना बसमध्ये बसवून तासन् तास फिरवलं, त्या धावपळीत ४० हून जास्त जण गेले. मग पळायला नको होतं का? तसंही सोपं नाही. नामिए नावाच्या गावातले लोक प्लांटपासून लांब जायचं म्हणून वायव्येला गेले आणि नेमका ढगही तिकडेच गेला. ढग कुठे जाणार याचा अंदाज देणारी यंत्रणा सरकारकडे होती, तिचे नकाशे गावापर्यंत पोचलेच नाहीत. आणि ३०-४० किलोमीटरवरचं इइताते हे गाव २० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर म्हणून सुरक्षित मानलं गेलं, तिथे पाऊस आणि बर्फाबरोबर इतकं पडलं की महिन्याभराने ते रिकामं करायचं ठरलं. तेव्हा नकाशावरच्या वर्तुळापेक्षा वारा बघायचा. आणि वारा तुला घरातून कळणार नाही, म्हणून पहिले काही तास घरातच.

सायरन झाला किंवा अधिकृत सूचना आली तर मुलीला घरात घे, खिडक्या-दारं बंद, एसी आणि बाहेरची हवा आत ओढणारे पंखे बंद, घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब. विटा-काँक्रीटची भिंत खूप काही अडवते. बाहेरून कोणी आलं तर दारातच वरचे कपडे काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला, अंगावरची बहुतेक घाण कपड्यांबरोबर जाते, मग साबणाने अंघोळ, केस शांपूने, पण कंडिशनर नको, त्याने कण केसाला चिकटून राहतात. इथे एक फरक नीट समजून घे कारण लोक यात फार चुकतात आणि शेजाऱ्यांना वाळीत टाकतात. शेकोटीजवळ बसलं की धग लागते, उठलं की संपली. पण राख अंगावर उडाली तर ती आपल्याबरोबर घरी येते. किरणं म्हणजे धग आणि किरणोत्सारी धूळ म्हणजे राख, आणि राख धुतली की झालं. ज्याने धग सोसली तो माणूस दुसऱ्याला बाधा देत नाही. फुकुशिमाहून गेलेल्या पोरांना नव्या शाळेत जंतू म्हणून चिडवलं गेलं, शहाण्या घरातल्या पोरांनी. दूध, भाजी आणि उघड्यावरचं पाणी तपासून सांगेपर्यंत बंद, पॅकबंद चालेल. टोकियोत २०११ मध्ये एका जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात लिटरला २१० बेकरेल (म्हणजे सेकंदाला २१० अणू फुटतील इतकं) आयोडीन-१३१ सापडलं तर तान्ह्या बाळांसाठी १०० ची मर्यादा म्हणून फक्त त्यांना नळाचं पाणी बंद केलं आणि बाटल्या वाटल्या, मोठ्यांची मर्यादा ३०० होती म्हणून मोठे पीत राहिले. आकडा सांगितला, कोणासाठी ते सांगितलं, आणि लगेच उठवलंही.

लेकीला काय सांगायचं? "पाऊस विषारी नसतो" एवढंच, आणि मग खरंच तिच्याबरोबर पावसात जा, कारण ती तुझ्या शब्दांपेक्षा तुझ्या खिडक्या बघते. मोठी होऊन विचारेल तेव्हा बुटांची गोष्ट सांग, तिला आवडेल. चेर्नोबिलच्या वीस वर्षांनी तज्ज्ञांच्या मोठ्या गटाने हिशोब मांडला तेव्हा लोकांच्या मनावर झालेला परिणाम हा त्या अपघाताचा सगळ्यात मोठा आरोग्य प्रश्न म्हणून नोंदवला, आपण आजारीच आहोत, आपलं काही खरं नाही असं धरून जगलेली माणसं. तुझी झोप अजून दोन-तीन आठवड्यात रुळावर आली नाही, मेसेज वाजला की हात थरथरत असेल, मीटर कपाटातून परत परत काढावासा वाटत असेल तर लेकीच्या डॉक्टरांबरोबर समुपदेशकालाही भेट. त्यात कमीपणा काही नाही, त्या रात्री तू खरंच घाबरली होतीस आणि शरीराला ती अफवा होती हे अजून कळलेलं नाही.

उरल्या त्या गोळ्या. फेकू नकोस. एक्स्पायरी बघ, लेकीच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेव, आणि पाकिटावर मार्करने लिही, लेक अर्धी, आम्ही एक, अधिकृत सूचना आल्यावरच. वजन-वयानुसार अर्धीच ना हे डॉक्टरांकडून एकदा पक्कं करून घे, तशीही भेटतेच आहेस. बहिणीलाही तिच्या डॉक्टरांना विचारायला सांग. आणि नवऱ्याला एक काम दे, नुसतं सेफ आहे म्हणत बसण्यापेक्षा. केंद्राच्या आसपासच्या भागाची आपत्ती योजना असते, त्यात सायरन कोण वाजवणार, सूचना कुठल्या चॅनेलवर येणार, गोळ्या घरी वाटलेल्या असणार की कुठल्या केंद्रावर मिळणार, आणि सायरन शाळेच्या वेळेत वाजला तर पोरांना शाळाच हलवणार की पालकांनी आणायचं, हे लिहिलेलं असायला हवं. त्याने प्रशासनाकडून हे लेखी मागून आणावं. शाळेचा मुद्दा आधी विचार म्हणावं, कारण सायरन झाल्यावर सगळे आईबाप एकदम गाड्या काढून शाळेकडे सुटले की रस्ता तिथेच जाम होतो.